रविवार आमचा

"भिंतीला भोक पाडायचं, त्यातून वायर आत घ्यायची, आणि एवढं करून बघायचं काय? तर वरच्या बाईला आवडेल ते!"

कंडक्टर खुर्चीत बसून पुटपुटत होते. पुटपुटणं असं बेतलेलं, की हातभर अंतरावर शिडीवर उभ्या वायरमनला ऐकू तर जावं, पण त्याला उत्तर देता येऊ नये.

वायरमनने तरी दिलंच. "काका, भोक आधीचंच आहे. तुमच्या आधीच्या भाडेकरूंनी पाडलेलं. मी फक्त वायर ओढतोय."

"म्हणजे त्यांचं पाप तुम्ही पुढे चालवताय."

काकू मशीनवर पडद्याला टीप मारत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. हसू आलं की त्या पायडल जोरात मारत, आवाजात सगळं बुडून जाई. नवरा रिटायर होऊन बराच काळ लोटला, तरी बिल्डिंगमध्ये त्यांना कंडक्टरच म्हणत. आणि निम्म्या बिल्डिंगच्या खिडक्यांना यांनी शिवलेले पडदे, म्हणून या पडदेवाल्या काकू.

बिल्डिंगची डिश एकच, गच्चीवर. तिचा डबा सगळ्यात वरच्या मजल्यावर मालकीणबाईंच्या हॉलमध्ये, आणि तिथून फुटलेल्या वायरी डक्टमधून खाली घरोघर उतरलेल्या. डबा एक, रिमोट एक. त्यामुळे मालकीणबाई लावतील तेच चित्र सगळ्या घरांत. बाईंना डुलकी लागली, की अख्खी बिल्डिंग झक मारत कढया विकणारी जाहिरात बघत बसे. यावरून भांडणं व्हायला लागली तेव्हा सगळ्यांनी मिळून वार वाटून घेतले. ज्याचा वार, त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीतून डक्टमध्ये तोंड घालून वर ओरडून सांगायचं. बाई रिमोट दाबायच्या.

या फ्लॅटचा वार रविवार. भिंतीतल्या भोकासारखाच तोही आधीच्या भाडेकरूंकडून आलेला. पण राहायला आल्या आल्या कंडक्टरांनी डक्टमध्ये जाहीर करून टाकलं होतं, "आमचा वार कुणीही घ्या. आम्हाला असली उसनी करमणूक नको." तो खालच्या बेकरीवाल्याने लगेच पदरात पाडून घेतला. तेव्हापासून रविवारी दुपारी सगळी बिल्डिंग मारामारीचे सिनेमे बघे आणि कंडक्टर तोच पेपर पुन्हा उलगडून बसत.

वायरमन गेला. टीव्हीवर चित्र आलं. कंडक्टरांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि विचारलं, "हे अचानक काय सुचलं तुला?"

"सगळ्यांकडे आहे," काकू म्हणाल्या.

खरं कारण त्यांच्या पोटात होतं. ते आलं होतं फोनवरून, कंडक्टर दाढी करत असताना.

"आई, रविवारी टीव्हीवर मॅच आहे. मोठी. मला दिलीय."

"बाबांना सांगू?"

पलीकडून मुलगी म्हणाली, "तूच ठरव."

काकूंनी ठरवलं ते एवढंच, की वायर घ्यायची.

मुलगी लहान असताना कंडक्टरांनी आपली जुनी शिट्टी तिच्या गळ्यात अडकवली होती. मग काय, घरातल्या खुर्च्यांची बस झाली. तिकीट नाही म्हणून बापालाच त्याच्या खुर्चीवरून खाली उतरवायची. तेही मुकाट उतरायचे आणि ड्यूटीवर सगळ्यांना सांगत सुटायचे, "आमच्या घरात चेकर आहे, बाबांनो." पुढे चेकर मोठी झाली. त्यांनी चार लोकांना भेटून, शब्द टाकून तिला एका ऑफिसात चिकटवली. तिने ते ऑफिस सोडलं आणि सांगितलं, मी फुटबॉलची रेफरी होणार.

"अर्ध्या चड्डीत पुरुषांच्या मागे शिट्टी फुंकत पळणार? शिव्या घालतील लोक!"

"तुम्हालाही घालायचेच की, बाबा."

उत्तर सुचलं नाही, की ते उठून दाराची कडी काढत. त्या दिवशीही काढली. तिने बॅग उचलली.

बिल्डिंगमध्ये त्यांनी सांगितलं, "ऑफिसने बदली केली." सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या, हॉस्पिटलात नोकरीला असलेल्या सिस्टरने तर त्या बॅगेचा एक बंद धरून ती रिक्षापर्यंत नेली होती, पोरीचे डोळे पुसले होते. तीही जिन्यात भेटली की विचारी, "अजून बदलीच्या गावीच का?" कंडक्टर म्हणत, "तिकडेच." तेवढ्यावर सगळं थांबे. खोटं ठाऊक असूनही कुणी ते त्यांच्या हातून काढून घेतलं नाही. आणि काकूंना तेच सगळ्यात जड जाई. सांगितलं तर नवरा खोटा पडतो, न सांगावं तर पोर परकी होते.

रविवारी त्या ओले हात पुसत खिडकीशी गेल्या.

"मालकीणबाई, ओ मालकीणबाई! आजचा वार आमचा. दुपारी फुटबॉल लावा."

मग खालून बेकरीवाल्याचा आवाज आला. "काकू? फुटबॉल? बरं वाटतंय ना?"

"तुझ्यापेक्षा बरं वाटतंय."

"अहो, पण माझा सिनेमा! हिरोचा सूड अर्धा राहिलाय!"

"राहू दे. पुढच्या रविवारी घेईल तो सूड, पळून जातोय कुठे?"

सिस्टर हसली. मालकीणबाई वरून म्हणाल्या, "वार मुळात त्यांचाच आहे, फुटबॉल लागेल. पण काकू, कोण खेळतंय म्हणून एवढी ओढ?"

काकूंच्या अगदी ओठांवर आलं होतं. मागे पेपरची घडी सळसळली. त्यांनी ते गिळलं. "बघू आपलं, काय असतं ते."

मॅच सुरू झाली. कंडक्टर टीव्हीकडे पाठ करून पेपर वाचत होते. मैदानाच्या मधोमध, दोन कप्तानांच्या मध्ये, काळ्या कपड्यांत ती उभी होती. केस घट्ट बांधलेले. नाणं उडवलं, झेललं, आणि ओठांशी शिट्टी नेली.

शिट्टी वाजली आणि पेपर खाली आला.

कंडक्टर वळले. बघत राहिले. काकू त्यांच्याकडे न बघता दोरा ओवायला लागल्या. आता हे उठतील, टीव्ही बंद करतील, निदान कडी तरी काढतील. ते उठले, खुर्ची उचलली आणि टीव्हीसमोर आणून ठेवली.

"वायर यासाठी होय," ते म्हणाले. बस्स.

ती धावत होती. चेंडूच्या मागे, पण कुणाच्या वाटेत नाही. कंडक्टरांचे पाय चपलेत हलायला लागले. "कोपऱ्यात उभी राहते बघ," ते हळूच म्हणाले, "म्हणजे सगळी गाडी दिसते." आपण मैदानाला गाडी म्हणालो, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

मॅच संपत आली तेव्हा ते घडलं. गोलपाशी दोघे एकमेकांवर आदळले, एक पडला. तिने शिट्टी फुंकली, हात सरळ केला. पेनल्टी. आणि ती आपल्या टीमच्या विरुद्ध, म्हणजे जिच्यासाठी सगळी बिल्डिंग घसा फोडत होती तिच्या.

खेळाडू तिच्याभोवती गोळा झाले. एकेक जण तिच्याहून वीतभर उंच, तोंडं तिच्या तोंडाशी, हातवारे, आरडाओरडा. ती मध्ये उभी. खांदे ताठ, चेहरा शांत, हात अजून तसाच.

"मागे सरू नको," कंडक्टर दातांतल्या दातांत म्हणाले. "फुटबोर्ड सोडायचा नाही."

ती सरली नाही. एकाला खिशातून पिवळं कार्ड काढून दाखवलं.

डक्ट पेटला. खिडक्या धडाधड उघडल्या. "आंधळी आहे का ही बाई?" "घरी बसवा हिला!" आणि सगळ्यांवर कडी करत, एक तर सिनेमा गेलेला, वर आता मॅचही हातून चाललेली, असा बेकरीवाला खालून गरजला, "अरे, कुणी दिली हिच्या हातात शिट्टी?"

सिस्टरची खिडकीही उघडी होती. ती तेवढी ओरडली नाही; तिने चेहरा ओळखला होता.

काकूंनी सुई पडद्यात खोचली. त्या उठणार, तोच कंडक्टर उठले. दाराकडे नाही, स्वयंपाकघराकडे गेले. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, ड्यूटीवर चढताना लावत तसं. पहिल्या दिवसानंतर ज्या डक्टमध्ये त्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं, त्याची खिडकी सताड उघडली आणि डोकं बाहेर काढलं. गर्दीच्या गाडीत शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा तो जुना आवाज अजून शाबूत होता.

"मी दिली!"

वर मालकीणबाई, खाली बेकरीवाला, मध्ये खिडक्या-खिडक्यांतून वळलेल्या माना.

"शिट्टी मी दिली. माझी मुलगी आहे ती. बदली-बिदली काही झाली नव्हती तिची."