प्रत्येकी एक कंद

वनस्पतिशास्त्रज्ञांचा झाडांवर फार जीव असतो, असा लोकांचा समज आहे. परवापर्यंत माझाही होता, आणि मी स्वतः त्यांच्यातलीच.

कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात पहिल्यांदाच राष्ट्रीय परिषद भरली आणि विभागप्रमुख धैर्यशील सरांच्या अंगात आलं. देशभरातून माणसं येणार, त्यांना दाखवायचं काय? तर अनुजाचं झाड. अनुजा माझी सहकारी, मूळची गारगोटीकडची. तिकडच्या एका सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाच्या फटीत, तिला कंदीलपुष्पाची, जमिनीतल्या कंदातून फुटणाऱ्या वेलीची, नवी जात सापडली होती. सड्याच्या एका कोपऱ्यात थोडीशी झाडं, बाकी कुठेच नाहीत. कित्येक पावसाळे अनुजा फळाची वाट बघत होती.

"एकट्याला बी धरत न्हाय ह्याला, स्नेहलताई," ती म्हणायची. "शेजारच्या झाडाचं पराग लागत्यात."

यंदा फुलं भरभरून आली होती. बी मिळालं की रोपं करायची, मगच नाव जाहीर करायचं, असं तिचं ठरलेलं. त्यामुळे पाहुण्यांना वर न्यायला तिनं साफ नकार दिला. सर भडकले.

"पावणं एवढ्या लांबनं येणार, आणि त्यास्नी रिकाम्या हातानं धाडायचं? कोल्हापूरचं नाव घालवतीस व्हय?"

"मग फोटो काढू द्यात सर. पण हात कुणी लावायचा न्हाय."

"अगं, शास्त्रज्ञ हायत सगळी. रानात शेरडं सोडतोय का मी?"

शेवटच्या दिवशी बस सड्यावर गेली. जेवण आणि समारोप गारगोटीतल्या एका शाळेत होता, म्हणून मी तिथंच थांबले. सर स्वतः वाट दाखवत पुढे झाले. प्रमुख पाहुण्यांचे गुडघे दुखत होते, तेव्हा अनुजाला त्यांच्याजवळ खाली गाडीत बसवलं, फोनवर झाडाचे फोटो दाखवायला.

दुपारी बस परतली. जेवणाची पानं मांडली होती, पण पाहुण्यांनी आधी व्हरांड्यात वर्तमानपत्रं पसरली. झाड मुळासकट घ्यावं, कंद जाड असेल तर उभा चिरावा, म्हणजे कागदात नीट दाबून वाळतो. हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाचा, हा नियम आम्हीच पोरांना शिकवतो. ब्लेडं चालत होती. पांढरेशुभ्र कंद दोन फाका होऊन पडत होते.

"एकच घेतलंय, मॅडम," नागपूरचे एक प्राध्यापक अजिजीनं म्हणाले. शेजारच्या बाईंनीही एकच घेतलं होतं. त्यांच्या पलीकडच्यानंही. हावरट कुणीच नव्हतं. शेरडं परवडली, ती पाला खातात, कंद जमिनीत राहू देतात.

अनुजा प्रमुख पाहुण्यांच्या गाडीतून उतरली आणि व्हरांडा बघून जागीच थांबली.

"वर एक तरी ठेवलंय का?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. "मी घेतलं तेव्हा दोन-तीन होती की," एक जण म्हणाला. मला इतका संताप आला की एकेकाच्या पानावरची भाकरी उचलून घ्यावीशी वाटली.

समारोप ठरल्याप्रमाणे झाला. सरांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. "आता हे झाड देशातल्या समद्या हर्बेरियममधी जाणार!" टाळ्या पडल्या.

अनुजानं नारळ टेबलावर ठेवला. खांद्यावरची शाल काढून दोन्ही हातांत पदरासारखी पसरली आणि ती पहिल्या रांगेपुढं जाऊन उभी राहिली.

"न चिरलेला कंद कुणाकडं असंल तर द्या. आजच परत लावला तर जगंल."

रांगेमागून रांग माना खाली जात होत्या. एवढे शिकलेले, एवढे काटेकोर! सगळ्यांनी नियमानं चिरले होते. शाल शेवटच्या रांगेपर्यंत रिकामीच गेली.

व्यासपीठावरून सर हळूहळू उतरले. त्यांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढला आणि सोडला. आत अख्खा कंद होता, माती लागलेला, वेलीवर एक फूल अजून ताजं.

"एकच घेतलंतं मीबी," ते म्हणाले. परिषदभर घुमणारा त्यांचा आवाज पार बसला होता. "मला वाटलं, बाकीची हायत की."

त्यांनी तो शालीत ठेवला. अनुजानं त्याच्याकडे नीट बघितलं. आता तरी ती शाल मिटेल असं मला वाटलं. पण ती पुन्हा पहिल्या रांगेकडे वळली.

"अजून एक द्या कुणीतरी," ती म्हणाली. "एकट्याला बी धरत न्हाय."