माझे ब्रेक धाकटीला

मित्रांनो, अकोट्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांबाला लागून जी जुनी लाल गाडी उभी दिसते, ती मी. माझ्या पुढच्या बंपरला पोचा आला आहे. तो का आला हे घरात एकालाच ठाऊक आहे, आणि तो बोलत नाही.

आमच्या कारखान्यात एकाच सांगाड्यावर दोन तऱ्हेच्या गाड्या बनत. धाकटी साधी, मी दांडगी. माझे इंजिन मोठे, म्हणून मला थांबवणारे ब्रेकही मोठे. बाजव्याच्या रिफायनरीत नोकरी करणाऱ्या सदानंदरावांनी मला घरी आणले. पण मला खरी चालवली त्यांच्या पत्नीने, सुहासिनीबाईंनी. पन्नाशीत त्या गाडी शिकल्या त्या माझ्यावरच. पहिल्या महिन्यात त्यांनी इतके गचके दिले की मला जीव नकोसा झाला. मग मात्र आमचे जमले. किती दाबले की मी कुठे थांबणार, हे त्यांच्या पायाला नेमके ठाऊक होते. बारा वर्षांत आम्ही कुणाला साधा धक्का दिला नाही. त्यांचा मुलगा इंद्रनील मित्रांना कौतुकाने सांगायचा, "आमच्या आईसारखी गाडी कुणी चालवत नाही." त्यातले निम्मे कौतुक मी स्वतःकडे घ्यायची.

यंदा इंद्रनीलने एक जुनी धाकटी विकत घेतली. तिला पळवायची त्याला भारी हौस. नवरात्रात एका दुपारी तो आम्हा दोघींना देवेशभाईंच्या गॅरेजमध्ये घेऊन गेला.

"आना मोटा ब्रेक पेलीमां बेसी जशे?" माझे मोठे ब्रेक धाकटीत बसतील का, असे त्याने गुजरातीत विचारले.

"बोल्ट तो सरखा ज छे," देवेशभाई म्हणाले. "पण मम्मीने कही देजो. आ गाडी हवे मोडी ऊभी रहेशे."

म्हणजे मी आता उशिरा थांबणार होते आणि हे त्याने आईला सांगायचे होते. इंद्रनीलने मान डोलावली. माझे ब्रेक धाकटीला गेले, तिचे छोटे मला बसले. चाके आपापलीच राहिली, त्यामुळे बाहेरून काही कळेना. घरी तो एक अक्षर बोलला नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सुहासिनीबाई झेंडू आणायला मांडवीच्या बाजाराकडे निघाल्या. गर्दीत हळूहळू जाताना फरक जाणवला नाही. पुढे रस्ता जरा मोकळा मिळाला आणि अचानक एक फुलांची हातगाडी आडवी आली. त्यांनी नेहमीइतकाच ब्रेक दाबला. मी थांबले नाही.

"अरे बेन, जोईने चलावो!" फुलवाला ओरडला. त्याची फुले रस्ताभर झाली होती. कुणाला लागले नाही, एवढेच नशीब.

"साठी उलटली, आता पुरे," आम्ही घरी परतल्यावर सदानंदराव खाली येऊन म्हणाले आणि त्यांनी किल्ली काढून घेतली.

"अहो, पाय वेळेवर पडला होता माझा!" सुहासिनीबाईंनी मुलाकडे पाहिले.

"होतं गं आई, या वयात," इंद्रनील म्हणाला.

मित्रांनो, माझे ब्रेक नेले तेव्हाही मला इतके लागले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पूजेला मोठा हार धाकटीला. सुहासिनीबाई कुंकू घेऊन माझ्याकडे आल्या. "चुकलंच माझं. तुला लागलं ना गं?" म्हणत त्यांनी पोच्यावरून हात फिरवला. इंद्रनील नारळ घेऊन तिथेच उभा होता. त्याने एकदा माझ्या चाकांकडे पाहिले आणि नारळ धाकटीपुढे फोडला.

आमचे पार्ट एकमेकींना जरूर लावा. आम्ही सख्ख्या बहिणी, आमची ना नाही. पण ज्याचा पाय रोज ब्रेकवर असतो, त्याला आधी सांगा.

सुहासिनीबाई आता दर रविवारी मला पुसायला म्हणून किल्ली मागून आणतात. पुसून झाले की दार लावून आत बसतात आणि इंजिन बंद ठेवूनच ब्रेक दाबून बघतात. एकदा, दोनदा, दहादा.

"पडतोय की पाय," असे पुटपुटतात आणि किल्ली परत करायला वर जातात.