चवीची ताटली

दार न ठोठावता घरात शिरायचं, तेही डुक्कर कापायच्या दिवशी रिकाम्या हातानं, आणि वर मेलेल्या बापाच्या खुर्चीत ठाण मांडायचं. ही रीत अंब्रुश कुठल्या मंत्रालयात शिकला, ते वेरोनाबाईला कळेना.

"टोपी काढ," ती म्हणाली. "चौकात पुतळा नाही बसवलाय तुझा."

त्यानं टोपी काढली. धाकटा लेक तिचाच. चांभाराच्या हाताखाली टाचा ठोकायचा. लढाई संपली, पार्टी आली, तसा हा भाषणं ठोकू लागला. आधी तालुक्याचा सेक्रेटरी, मग जिल्ह्याचा, मग बुडापेस्टला उपमंत्री. गावच्या शाळेत त्याची तसबीर लागली होती. आता तिथं नुसता खिळा उरलाय.

"वरची माणसं बदलली, आई. पार्टीतून काढलं, राहतं घरही गेलं. मागची खोली दे. हिवाळ्यापुरती."

वेरोनाबाईनं खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात थोरला गेलेर्ट एका पायावर भार देऊन चरबी कापत होता. दुसरा पाय कैद्यांच्या छावणीत, दगडाच्या खाणीत चिरडला होता.

अकरा वर्षांपूर्वी परवान्याशिवाय डुक्कर कापणं गुन्हा होता. पोरांचे हाल बघवेनात म्हणून गेलेर्टनं तळघरात कापलं. जनावर ओरडू नये म्हणून त्याला दारूत भिजवलेला पाव चारला. त्या वर्षी शेजारीपाजारी चव बघायला ताटल्या धाडायच्या नाहीत, असं घरात ठरलं. पण डुक्कर कापलं आणि रक्ताच्या माणसाला चवीची ताटली गेली नाही, असं वेरोनाबाईच्या सात पिढ्यांत घडलं नव्हतं. ताजी सॉसेजं, तळलेली कलेजी फडक्याखाली झाकून ती बर्फ तुडवत तालुक्याला गेली. अंब्रुशनं बोटं चाटून खाल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस दारात. गेलेर्ट छावणीत गेला, आणि महिन्याभरात अंब्रुशसाहेब जिल्ह्याचे सेक्रेटरी.

"मी कळवलं नसतं," अंब्रुश खाली बघत म्हणाला, "तर मलाच उचललं असतं कुणीतरी."

गेलेर्ट लंगडत आत आला. भावाला बघून थबकला, मग हात पुसत म्हणाला, "आई, ताटल्या किती भरू?"

"शेजाऱ्यांच्या सहा. सातवी मी भरते."

तिनं भरलीही सढळ हातानं. वर कलेजीचा तुकडा ठेवला. अंब्रुशचे डोळे भरून आले. तो खुर्ची पुढं ओढू लागला.

"तिथं नाही. बाहेर पायरीवर," तिनं ताटली त्याच्या हातात दिली. "खोली मिळायची नाही. ही घे, रक्ताच्या माणसाची आहे. तुझ्यापायी मी माझी रीत मोडणार नाही. तेव्हा ताटली नेली ते पाप माझं, खाऊन चुगली केलीस ते तुझं. नीट चावून खा, अंब्रुश. आणि जाताना चौकीवर सांगत जा, म्हातारीनं काय काय वाढलं. जन्मात तेवढं एकच काम तुला धड जमलंय."