खडीच्या ढिगातला कोळी

अनसूयाबाई सोलापुरात मुलींच्या शाळेत सृष्टिज्ञान शिकवत. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, तेव्हा थोरला भाऊ मुकुंद याने त्यांना माहेरी आणलं आणि लोकांच्या बोलण्याकडे कानाडोळा करून ट्रेनिंग कॉलेजात घातलं. त्याला आता पंधरा वर्षं झाली होती. नवी पेठेत मुकुंदरावांच्या बिऱ्हाडात मागची लहान खोली बाईंची. तिथे भिंग, स्पिरिटच्या बाटल्या आणि टाचणीला लावलेले किडे. वहिनी यशोदा त्या खोलीत केर काढायलासुद्धा पाऊल टाकत नसे.

१९३४ सालच्या माघात एका विद्यार्थिनीच्या लग्नाला बाई मैंदर्गीला गेल्या. गावाबाहेर सडकेचं काम चाललं होतं आणि माळावरचे दगड फोडून बाया खडी करत होत्या. गंगम्मा नावाच्या बाईने दगड उलटला तसा मातकट रंगाचा एक कोळी खेकड्यासारखा तिरपा पळाला. अनसूयाबाई जागच्या जागी थांबल्या. असला कोळी त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांची उत्सुकता बघून गंगम्माने हातातली हातोडी खाली ठेवली.

"बाई, ह्यो जाळं करत न्हाय," ती म्हणाली. "दगडाखाली पांडरी पिशवी करून बसतो. पळाला की गावत न्हाय."

तिनेच पदराच्या टोकात दोन धरून दिले. कागदासारखी ती पातळ पिशवीही बाईंनी उचलून घेतली.

घरी आल्यावर त्यांनी भिंगातून पाहिलं. आठ डोळे, चार-चारच्या दोन ओळी. पुढच्या ओळीतले मधले दोन सगळ्यांत मोठे. जबड्याच्या मागच्या कडेला दोनच दात. घराच्या भिंतीवर दिसणाऱ्या मोठ्या कोळ्याचे मधले डोळे लहान असतात आणि दात जास्त, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे कुळ तेच, पण हा त्यातला निराळा. त्यांनी एक कोळी स्पिरिटमध्ये घातला, शाईने चिठ्ठी लिहून बाटलीत टाकली, आणि डोळ्या-दातांविषयी वेगळं पत्र जोडून कलकत्त्याला कोळ्यांचा अभ्यास करणाऱ्या एका गृहस्थांकडे पार्सल केलं. दुसऱ्याला मारायचं त्यांच्या जिवावर आलं. तो कंदिलाच्या काचेत, वर मलमलचं फडकं बांधून, त्यांनी खोलीत ठेवला.

चैत्रात उत्तर आलं. भाषा सभ्य होती, पण वाचताना बाईंचे कान तापले. शाई स्पिरिटमध्ये विरघळून चिठ्ठी कोरी झाली होती. अशी चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची असते. कोळी पोरवयाचा होता, आणि वयात न आलेल्या कोळ्याची जात कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. बहुधा हे घरकोळ्याचंच पिल्लू असावं. तरी वयात आलेला नर मिळाल्यास जरूर पाठवावा.

पुढच्याच रविवारी बाई मैंदर्गीला गेल्या. सडक तयार झाली होती. ज्या उंचवट्यावर दगड होते तिथे नुसती उकरलेली जमीन होती, आणि खडीवाल्या बाया काम संपवून कुठे गेल्या ते गावात कोणाला नीट सांगता येईना. बाईंनी दुपारभर उरलेसुरले दगड उलटले. विंचू निघाले, गोम निघाली, कोळी नाही.

आता सगळी भिस्त काचेतल्या कोळ्यावर. बाई त्याला रोज झुरळ घालत. यशोदावहिनी आधी नाक मुरडायची, पुढे पुढे तीच स्वयंपाकघरातलं झुरळ चिमट्यात धरून दारापाशी आणून देऊ लागली. वैशाखात मात्र त्याने खाणं सोडलं. चार दिवस गेले, आठ गेले. रंग मळकट झाला. अकराव्या दिवशी दुपारी बाईंनी पाहिलं तर तो फडक्याला आतून उलटा चिकटलेला, निश्चल. काचेवर टिचकी मारली, फुंकर घातली. काही नाही.

बाईंनी मन घट्ट केलं. उन्हाळा असा की तासाभरात मढं कुजणार. जे आहे ते तरी टिकवावं म्हणून त्यांनी स्पिरिटची बाटली उघडली आणि फडक्याची दोरी सोडायला घेतली. वासाने वहिनी दारात आली. बाईंनी कोळी मेल्याचं सांगितलं. वहिनीने दारातूनच वाकून पाहिलं, मग प्रथमच उंबरा ओलांडून आत आली.

"थांबा वन्सं," ती म्हणाली. "मेला असता तर खाली पडला असता, पाय पोटाशी घेऊन. मी जन्मभर घरं झाडतेय. हा अजून धरून आहे की."

बाईंचा हात दोरीवरच राहिला. पुस्तकं वाचणाऱ्या आपल्याला हे सुचू नये, याची त्यांना लाज वाटली. दोघी भिंतीला टेकून बसल्या. बराच वेळ काहीच झालं नाही. मग कोळ्याच्या पाठीवर पुढच्या कडेला बारीक चीर पडली आणि झाकण उघडावं तशी पाठ उचलली गेली. हळूहळू एकेक पाय, मोज्यातून काढावा तसा, जुन्या कातडीतून बाहेर आला. पांढुरका, मऊ, दमलेला जीव खाली लोंबत राहिला. वहिनीने बाईंचं मनगट कधी धरलं ते दोघींनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी कातडी टणक झाल्यावर बाईंनी भिंग लावलं. तोंडापाशी दोन आखूड पायांची टोकं मुगाच्या दाण्यासारखी फुगली होती. नर. वयात आलेला.

त्याला त्यांनी मारलं नाही. पुढे सहा आठवडे जगून तो आपल्या मरणाने मेला, खाली पडून, पाय पोटाशी घेऊन. मग बाटली, स्पिरिट, पेन्सिलीची चिठ्ठी, ती कात आणि पांढरी पिशवी असं सगळं कलकत्त्याला गेलं. त्यानंतरचे दिवस बाईंना खायला उठले. घरकोळीच निघाला तर? टपालवाला गल्लीत दिसला की त्या हातातलं काम टाकून दारात येत.

श्रावणात, शाळेला निघताना, पत्र आलं. मुकुंदरावांनी पाकीट फोडायला हात पुढे केला, पण बाईंनी स्वतःच फोडलं. घरकोळी नव्हे, मधले डोळे आणि दोन दात याविषयी बाईंचं म्हणणं बरोबर होतं. जात नवी नव्हती. सिंध आणि राजपुताना इकडच्या वाळवंटातून ती माहीत होती, पण इतक्या दक्षिणेकडून आलेला हा पहिलाच नमुना. संग्रहात त्याची नोंद मैंदर्गी या गावाच्या नावाने झाली होती.

मुकुंदरावांनी जरा चाचरत विचारलं, नवी नाही म्हणून वाईट वाटलं का?

"छे रे, दादा," बाई म्हणाल्या. "तो कोण ते कळलं. चार महिने छातीवर दगड होता."

त्यांनी उंबऱ्यावरच बसकण मारली आणि पत्र मांडीवर ठेवून डोळे पुसले. वहिनीने त्यातलं लांबलचक लॅटिन नाव तीनदा म्हणून पाहिलं, तिन्ही वेळा निराळं. मग तिघंही हसायला लागली, आणि त्या दिवशी शाळेची पहिली घंटा बाईंना चुकली.