घंटीला वाली

कारभारणीने नियमातलं शेवटचं वाक्य वाचून दाखवलं आणि पडद्यावरच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. ज्या पॅकेजचा सांभाळणारा दोन स्मरणपत्रांना उत्तर देत नाही, ते काढून टाकावं.

"म्हणजे सगळ्यात आधी घंटीच जाणार," डॉक्टर म्हणाले.

ते खरोखरीचे दातांचे डॉक्टर. सगळी मंडळी घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी. छोटे-मोठे प्रोग्रॅम कुणाच्याही कॉम्प्युटरवर नीट बसतील असे पॅकेजात बांधायचे आणि फुकट वाटायचे, हा त्यांचा उद्योग. नव्याचे नऊ दिवस संपले की बांधणारे गायब होत, म्हणून हा नियम. तो कारभारणीनेच लिहिला होता. नियमांच्या या हौसेपायीच तिला हे नाव पडलं होतं.

"घंटी काकांची आहे," ती म्हणाली.

"काका गेले गं. उत्तर कोण देणार? आणि नियम करायचा तर आपला तो बाब्या असं नको."

तिने एकेकाला विचारून पाहिलं. घंटी घेण्याइतके हात कुणाचेच मोकळे नव्हते.

घंटी म्हणजे चहा मुरला की वाजणारा इवलासा प्रोग्रॅम. घंटीवरच मंडळीतल्या या जुन्या काकांनी कारभारणीला बांधणी शिकवली, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर. तिच्या लॅपटॉपवर घंटी वाजली की ती हरखून जाई. काका म्हणत, "आपल्या घरात सगळंच चालतं. शेजारी चालवून दाखव." शेजार म्हणजे स्वयंपाकघरातला काकूंचा म्हातारा कॉम्प्युटर. आतून हाक यायची, "नाही वाजली!" की दोघं पुन्हा कामाला. तितकं सुख तिला पुढे पगाराच्या कामात कधी मिळालं नाही.

रविवारी ती काकूंकडे गेली. आपल्याच तोंडून कळलेलं बरं. किटलीशेजारी तोच कॉम्प्युटर होता. तिने कसंबसं सांगितलं.

काकूंनी हातातलं शिवण खाली ठेवलं. "म्हणजे आमची घंटी बंद?"

"तुमच्याकडे वाजेल. नव्या लोकांना मिळणार नाही. सांभाळायला कुणी नाही ना."

"सांभाळायचं म्हणजे काय करायचं?"

"नवी आवृत्ती आली की चालवून बघायची. बिघडली तर सांगायचं. पत्राला उत्तर द्यायचं. दुरुस्ती काय, आम्ही कुणीही करतो."

काकूंनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "मग इतकी वर्षं मी इथून काय ओरडत होते, बाई?"

कारभारणीला हसू आलं, आणि मग हसू आवरेना.

पुढच्या आठवड्यात घंटीची नवी आवृत्ती निघाली आणि रिवाजाप्रमाणे सांभाळणारीला पत्र गेलं. तिच्या कॉम्प्युटरवर तर घंटी छान वाजली होती. उत्तर चहाच्या वेळेला आलं.

"नाही वाजली."

तिने ते दोनदा वाचलं, डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.