वर आलेले मासे

"उर्मिला, दोन मिनिटांत मासे जेवढं संपवतील तेवढंच घाल. उरलेलं पाण्यात राहता कामा नये."

यजमान शशिकांतराव जाऊन वर्ष होत आलं होतं. तरी रोज सकाळी सोसायटीच्या बागेतल्या तळ्यापाशी उभं राहिलं की उर्मिलाताईंच्या कानात हाच आवाज यायचा. तळं ते केवढं, दोन खाटा मावतील एवढं! पण मीरा रोडला राहायला आल्यावर बिल्डरने टाकलेला राडारोडा उपसून घेऊन शशिकांतरावांनी ते हौसेनं बांधून घेतलं होतं. त्यात चौदा लाल-पांढरे मासे आणून सोडले होते.

आवाज यायचा, आणि उर्मिलाताई मनातल्या मनात म्हणायच्या, "अहो, तुमचं खरं. पण हा संकल्प आहे."

संकल्प नातीसाठी होता. सात वर्षांच्या सान्वीला दमा. समोरच्या प्लॉटवर बांधकाम, त्याची धूळ घरभर. औषधं चालू होतीच, पण आजीचा जीव औषधावर थांबत नाही. म्हणून एक्केचाळीस दिवसांचं व्रत. रोज कागदाच्या चिमुकल्या तुकड्यांवर रामनाम लिहायचं, ते कणकेत वळून एकशे आठ गोळ्या करायच्या आणि माशांना घालायच्या. तिन्हीसांजेला गुग्गुळाचा धूप साऱ्या घरात फिरवायचा. डास येतात म्हणून खिडक्या तेव्हा बंद.

दहाव्या-बाराव्या दिवसापासून एक नवल घडू लागलं. उर्मिलाताई तळ्यावर पोचायच्या आधीच मासे पाण्याच्या वर येऊन, तोंडं उघडून उभे असायचे.

"बघा हो!" शेजारच्या मनोरमाबाई हात जोडून म्हणाल्या. "नाम घ्यायला वर आलेत. आमच्याकडे ह्यांना दहा हाका मारल्या तरी देवापुढे येत नाहीत!"

उर्मिलाताईंचे डोळे भरून आले. त्यांनी आणखी एक मूठ टाकली.

बागेचं काम बघणारा महिपत जवळच्या मुर्धा गावचा, खाडीकाठी वाढलेला म्हातारा. तो झारी खाली ठेवून म्हणाला, "वयनी, पानी जड झालंय. दोन दिस काय घालू नका."

"महिपतदादा, व्रत मध्येच मोडता येतं का हो?"

महिपतने झारी पुन्हा उचलली. व्रत म्हटलं की आपण सगळेच गप्प होतो, नाही का?

त्याच आठवड्यात रविवारी उर्मिलाताईंच्या मुलाने, म्हणजे सान्वीच्या बाबाने, परागने हवा स्वच्छ करणारं मशीन विकणाऱ्याला घरी बोलावलं होतं. त्याच्याकडे दोन प्रकार होते. एकात जाड कागदी फिल्टर, तो काही महिन्यांनी बदलावा लागणार. दुसरं ओझोन सोडणारं, निळा दिवा लागणारं, फिल्टरची कटकटच नाही.

"माताजी, एक अगरबत्ती लाइए ना," विक्रेता म्हणाला. त्याने काचेच्या पेटीत धूर कोंडला, आत छोटं यंत्र सुरू केलं. पेटी बघता बघता स्वच्छ! "देखा? आप धूप-दीप सब करो. टेन्शन मशीन लेगी!"

उर्मिलाताईंना ते फार आवडलं. सान्वी मात्र कोपरात तोंड खुपसून खोकली आणि बाल्कनीत गेली. सूनबाई इशिताने सासूकडे पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि चहाचे कप उचलून आत निघून गेली.

"डॉक्टरांना विचारून सांगतो," पराग म्हणाला.

तेविसाव्या दिवशी उर्मिलाताई तळ्यावर गेल्या, तर नऊ मासे उताणे तरंगत होते.

"कुणी केलं हे? कुणी विष घातलं?" त्यांनी महिपतला हाक मारली.

महिपतने धोतर खोचलं, पाण्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळाचा गाळ वर काढला. राखाडी, बुळबुळीत, आंबट वासाची कणीक. तिच्यात कागदाचे कपटे, शाई उतरलेले.

"ईष कोन घालील, वयनी? ह्या कुजतंय खाली. ह्याच्यापायी पान्यातला दम जातो."

"पण ते तर वर यायचे हो! तोंड उघडून मागायचे..."

"भुकेनं न्हाय. खाली दम पुरत न्हाय म्हनून वर येतात. सकालच्या पारी जास्ती."

उर्मिलाताईंनी हातातल्या गोळ्या कठड्यावर ठेवून दिल्या. ज्या मुखांत नाम घातलं म्हणून त्या सुखावल्या होत्या, ती मुखं श्वास मागत होती. आणि त्यांनी दर वेळी आणखी एक मूठ टाकली होती.

"मला दरडावून का नाही सांगितलंत?"

"तुमचा देव, तुमचं वरत. आमी काय बोलनार?" महिपत मेलेले मासे एकेक करून टोपलीत ठेवत होता, हळुवार, झोपलेल्या पोराला उचलावं तसं. "पान्यात काय घालायचा, त्या समदी इचारतात. काय काढायचा, त्या कोन इचारत न्हाय."

तो दिवस त्यांनी रडून काढला. संध्याकाळी धूप मात्र घातला, उलट दोन चिमटी जास्तच. पाप झालं होतं ना, देवाची क्षमा मागायची होती.

सान्वी देवापुढे बसली होती. गेले काही दिवस ती आरतीत टाळ्या वाजवत नसे, गात नसे. उर्मिलाताई सगळ्यांना कौतुकानं सांगायच्या, "आमची सान्वी आरतीत किती तल्लीन होते!" आरती म्हणता म्हणता त्यांची नजर तिच्याकडे गेली. पोरीची मान वर उचललेली. तोंड उघडं. खांदे श्वासागणिक वर येत होते.

तळ्यात तोंडं उघडून वर आलेले मासे त्यांच्यापुढे उभे राहिले.

"अगं देवा! इशिता, खिडक्या उघड! पराग, धाव रे! पोरीला श्वास पुरत नाहीये!"

आरती अर्धीच राहिली.

नर्सिंग होममध्ये वाफेचा मास्क लावल्यावर तासाभरानं सान्वीची धाप शमली. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सगळं विचारून घेतलं. म्हणाल्या, "मशीन घ्यायचं तर फिल्टरचं घ्या, खोलीच्या मापाचं, आणि फिल्टर वेळेवर बदला. ओझोनवालं नको, दम्याच्या मुलांना तो वायू बाधतो. पण घरातच रोज धूर केलात, तर कुठलंच मशीन पुरं पडणार नाही."

बाहेरच्या बाकावर इशिता सासूजवळ बसली. "आई, मला कळत होतं हो. पण तुम्ही तिच्यासाठीच व्रत करत होता. कसं बोलू?"

उर्मिलाताईंनी सुनेचा हात धरला. "मी तुम्हाला बोलू दिलं नाही, बाळा. देवाला पुढे करून मीच सगळ्यांची तोंडं बंद केली."

त्या आत गेल्या तेव्हा सान्वी जागी होती. मास्क बाजूला करून ती हळूच म्हणाली, "आजी, मला धूप नको वाटायचा. पण नको म्हटलं तर बाप्पा रागावेल ना?"

त्या एका वाक्यानं उर्मिलाताईंचं काळीज चिरलं. एवढीशी पोर, श्वास कोंडून देवाची मर्जी सांभाळत होती!

"नाही गं माझी राणी. बाप्पा लेकरांवर रागावत नसतो. चुकली ती तुझी आजी. तू घरी येशील तेव्हा घरात धूर नसेल. शब्द देते तुला."

बंधूंनो, भगिनींनो, व्रत वाईट नाही, श्रद्धा वाईट नाही. पण ज्याच्या भल्यासाठी आपण ती करतो, त्याच्या तोंडाकडे एकदा नीट पाहावं. ते मिटलेलं आहे की श्वासासाठी उघडलंय, हे पाहणं हीसुद्धा पूजाच आहे. आणि घरातल्या माणसांना आपल्याला "नको" म्हणता येईल, एवढी जागा आपल्या भक्तीत असावी. नाहीतर आपलं पुण्य दुसऱ्याच्या श्वासावर बेततं, आणि मेलेला जीव क्षमा मागूनही परत येत नाही.

सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सान्वीला दुपारी सोडतील. पराग आईला घरी सोडायला रिक्षा आणायला निघाला, तर उर्मिलाताईंनी हातानेच नको म्हटलं. संकल्पाचे अठरा दिवस उरले होते; ते आता घालण्यात नव्हे, काढण्यात जायचे होते. भिंतींवरची काजळी पुसायची होती, धुरकटलेले पडदे धुवायचे होते. झोपलेल्या नातीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करून, पदर खोचून, त्या घराच्या वाटेला लागल्या.