चिखलातलं चाक आणि उसाचं पाचट

साडेदहाला लोणी काळभोरच्या पॉलिटेक्निकात माझं डेमो लेक्चर, आणि दहा वाजता मी उसाच्या शेतात! सोलापूर रस्त्यावर ट्रक आडवा झालेला, म्हणून फार हुशारी करून आतली वाट धरली. पाटाचं पाणी वाटेवर आलेलं. बाबांच्या गाडीचं पुढचं डावं चाक चिखलात गेलं आणि जागच्या जागी गरागरा फिरायला लागलं. उजवं चाक छान कोरड्यावर होतं, पण ते ढिम्म हलेना.

आता गंमत ऐका. लेक्चरचा विषय होता डिफरन्शियल! वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, म्हणून दोन्ही चाकांना आपापल्या वेगाने फिरू देणारी दातेरी चाकांची जोडणी. गेल्या वर्षी याच मुलाखतीत विभागप्रमुख दामले सरांनी विचारलं होतं, "एक चाक चिखलात, एक कोरड्यावर. गाडी कशी काढाल?" मी घडाघडा व्याख्या म्हटली. सर म्हणाले, "व्याख्येला दोर बांधून ओढणार का?" नोकरी हुकली. पुढच्या वर्षी मी वयाच्या अटीत बसणार नव्हते, म्हणजे ही शेवटचीच संधी.

शेतातून मथुराबाई, त्यांचे यजमान सर्जेराव आणि दीर भैरू धावत आले. "भैरू, मागं बस. मागं वजन पायजे," म्हणत सर्जेराव डिकीवर चढलेसुद्धा! ट्रॅक्टर मागच्या चाकांवर चालतो, त्यामुळे त्यांचं गणित तसंच. माझ्या गाडीचं नाक वर उचललं गेलं आणि मी, डिफरन्शियलची मास्तरीण, त्यांना "थँक्यू हं" म्हणत होते. मग एकदम ट्यूब पेटली. "अहो, उतरा! ही पुढच्या चाकांवर चालते!"

मथुराबाई खिडकीशी वाकल्या. "बाय, टॅक्टर मीच चालवते. जे चाक फिरतंय त्याचा ब्रेक दाबायचा. मग दुसरं चाक वढतंय."

"मावशी, ट्रॅक्टरला दोन बाजूंना दोन ब्रेक. माझ्या गाडीला पेडल एकच. डाव्याला अडवायला गेले तर उजवंही अडणार."

"मग ब्रेक सोड. पन त्या फिरणाऱ्याला अडव की कशानं तरी! चांगल्या चाकाकडं काय बघत बसलीस?"

अगं बाई! मी खरंच चांगल्या चाकाकडेच बघत होते! डिफरन्शियल दोघांना जोर सारखाच देतं. चिखलातल्याला फिरायला जोर लागतच नव्हता, म्हणून कोरड्यावरच्यालाही तेवढाच मिळत होता, म्हणजे जवळजवळ शून्य. डाव्याला पकड मिळाली की उजव्यालाही जोर मिळणार! सात वर्षं शिकवणीच्या फळ्यावर काढलं आणि कळलं आत्ता. मला नाचावंसं वाटलं.

"मावशी, पाचट!" मी ओरडले. उसाची वाळलेली पानं बांधावर ढिगानं पडली होती. मथुराबाईंनी कवळाभर आणली, मी साडी खोचून गुडघ्यावर बसले आणि डाव्या चाकापुढे कोंबली. दोघं भाऊ बाजूंनी बॉनेटवर रेलले. पहिला गिअर, अगदी हळूच क्लच. पाचट करकरलं, डावं चाक थबकलं, आणि उजव्यानं ओढ घेतली. गाडी बाहेर!

"जा आता, पळ!" मथुराबाई हसत ओरडल्या.

दहा पंचेचाळीसला मी वर्गात शिरले. हातापायांना चिखल, केसांत पाचट. दामले सरांनी घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं. मी फळ्यावर चाकं काढली आणि बोलत सुटले. दहा मिनिटांनी त्यांनी तोच प्रश्न टाकला. "एक चाक चिखलात, एक कोरड्यावर. काय कराल?"

"फिरणाऱ्या चाकाखाली पाचट घालेन, सर. पकड त्याला द्यायची, जोर दोघांना मिळतो."

"आणि गाडी हलेल याची खात्री?"

"हलली म्हणून तर इथे उभी आहे."

सर कागदावर काहीतरी लिहीत राहिले. मग त्यांनी फरशीवरची माझी चिखलाची पावलं दारापासून फळ्यापर्यंत नीट पाहिली.

"सोमवारी," ते म्हणाले, "वर्गावर येताना पाय पुसून या."